भट्टीचं अंगण

३ डिसेंबर

मेजरसाहेब,

‘प्रिय’ लिहायला हात वळेना, म्हणून हुद्दा लिहिला. मधल्या वर्षांत बढती मिळाली असेल तर कमी लेखल्याबद्दल क्षमा.

टेकडीमागची तुकडी तुझी आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही. परवा तुमच्या गाडीवरच्या कर्ण्यातून ‘नागरिकहो, शस्त्रं खाली ठेवा’ झालं ना, त्याआधी कोणीतरी दोनदा घसा खाकरला. मी भांडी घासत होते, तशीच थांबले. शाळेत कविता म्हणायला उभा राहिलास की असाच खाकरायचास आणि पुढची ओळ विसरायचास. या वेळी विसरला नाहीस.

पत्र अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडे देते आहे. फोन तुम्हीच बंद केलेत, आणि डायलिसिसच्या रोग्यांना नाक्यापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची मुभा फक्त त्याच्या गाडीला आहे. आम्ही त्याला पोपट म्हणतो, कारण पूर्वी तो अखंड बडबडायचा. आता गप्प असतो, पण नाव काही सुटलं नाही. तुझ्याआधी हे पत्र कोणी फोडून वाचणार असेल, तर त्या दादांनाही सांगून ठेवते: यात गुप्त काही नाही, एक बहीण भावाची खरडपट्टी काढते आहे.

तुमच्या सेनापतींनी राजधानीत खुर्ची बळकावली, तुमचा नवा प्रशासक इथे आला, आणि लोकांनी त्याला त्याच्या बॅगेसकट बसमध्ये बसवून परत पाठवलं. मी त्या गर्दीत नव्हते. मी कारखान्यात बाटल्या तपासत होते. बाटलीच्या काचेत बुडबुडा आहे का, हे बघायचा मला पगार मिळतो. राज्य कोणाचं हे बघायचा मिळत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवलं. त्या दिवसापासून माझ्याशी कोणी धड बोलत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. बघ काय वेळ आली.

नेमबाजी क्लबातले लोक पहारा देतात. म्होरक्या कोण, तर आपला दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांना ‘आ करा’ म्हणत आला, आता ‘तोंड बंद ठेवा’ म्हणत फिरतो. त्यांच्याकडे काय आहे ते तुला ठाऊकच आहे. पाखरं मारायच्या छर्‍यांच्या बंदुका, स्पर्धेच्या दोनचार रायफली, आणि एक कोणाच्या तरी आजोबांची, जिच्यात लोखंडापेक्षा गंज जास्त. तुमच्याकडे काय आहे ते दिवसभर डोक्यावर घोंघावतं आहे. बळी तो कान पिळी, हे कळायला मला क्लबात जायची गरज नाही. मी तसं बोलले. तर तुझे भावजी म्हणाले, “सैन्याला गाव घेता येतं, चालवता येत नाही. ती विद्या वेगळी.” भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाला सगळं जग भट्टीच वाटतं.

आणि खारू त्यांच्यात आहे. होय, तुझी लाडकी भाची. तिला खारूताई हे नाव कोणी दिलं? तू. शेंबूड पुसायच्या वयात तिला क्लबात कोणी नेलं, श्वास कसा धरायचा, चाप कसा हळूच ओढायचा हे कोणी शिकवलं? तूच. तुला तिला सैन्यात घालायचं होतं. मी आडवी पडले, तू दार आपटून गेलास, आणि आपलं बोलणं संपलं. घे आता. ना तुझी झाली, ना माझं ऐकलं. सगळ्या पहाऱ्यात नेम म्हणावा असा तिचाच आहे, असं डॉक्टर सांगत होता. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

उत्तर द्यायचं तर दे. नाही दिलंस तरी चूल पेटते आहे.

तुझी ताई

९ डिसेंबर

मेजरसाहेब,

दोन ओळी मिळाल्या. ‘ताई, मुलीला घरात ठेव. यांचा निभाव लागणार नाही.’ वा रे वा. घोड्याएवढ्या मुलीला घरात ठेवायचा मंत्र सैन्यात शिकवतात का? असेल तर पुढच्या पत्रात पाठव.

आणि निभावाचं म्हणशील, तर पुलावरून तुमचे दोन ट्रक मागे फिरले ते तू पाहिलंसच. मी ते खारूच्या तोंडून ऐकलं. तिनं पुढच्या ट्रकचं चाक फोडलं, मग दुसरं. माणसाला हात लावला नाही. तुमचा ड्रायव्हर हात वर करून उतरला आणि मागच्या मागे पळाला. वाटेत त्याचा एक बूट राहिला. तो बूट आता डॉक्टरच्या दवाखान्यात टेबलावर आहे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी छर्‍याच्या बंदुकीनं तुमचं उडतं यंत्रही पाडलं. शाळेच्या फाटकाला ते मेलेल्या कावळ्यासारखं टांगलं होतं. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. मी नाक मुरडलं. मग परत येताना मुद्दाम त्याच रस्त्यानं आले आणि पुन्हा पाहिलं. लपवून काय करू, छाती भरून आली होती.

पण त्यांनाही कळतं रे. अगदीच खुळे नाहीत. मी खारूला म्हटलं, “एक यंत्र पाडलंत, ते शंभर पाठवतील. काय जिंकणार आहात तुम्ही?” ती भाकरीचा तुकडा मोडत होती. म्हणाली, “जिंकायचंय कोणाला? मामा जिंकणार, मला माहितीये. आम्हाला फक्त त्याला महाग पडायचंय.” मग म्हणाली, “आई, आमटीत मीठ नाहीये.” मीठ संपलंय, हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

घरात तेवढी एकच करमणूक उरली आहे, बापलेकीचं भांडण. विषय तोच, अंगण. तुला आठवत असेल, बाबा जेवताना किती वेळा ऐकवायचे. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझू द्यायची नाही. विझली की आतली काच गोठून दगड होते, विटा तडकतात, कारखाना संपतो. म्हणून जाणारी पाळी येणाऱ्या पाळीच्या हातात भट्टी दिल्याशिवाय पाय उचलत नाही. दोन्हीकडची सगळी माणसं अंगणात समोरासमोर. हा म्हणतो ‘दिली’, तो म्हणतो ‘घेतली’. बाबांच्या आधीपासून चालत आलेलं. तर वर तुमची यंत्रं घिरट्या घालताहेत आणि तुझे भावजी अजून रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना अंगणात उभं करतात.

खारू म्हणाली, “बाबा, आतच करा ना. दोन-दोन जण आत जाऊ दे, बाकीचे मागच्या दारानं.”

“आत भट्टीचा आवाज. ‘घेतली’ म्हटलेलं ऐकू येतं का?”

“मान हलवायची.”

“मान बैलही हलवतो. भट्टी मानेवर देतात का?” आणि मग जरा हळू, “पोरी, पगार थांबलाय. माणसं कशासाठी येताहेत? दुसऱ्यानं तोंडावर ‘घेतली’ म्हटलेलं असतं म्हणून येताहेत. ते एकदा चोरून करायला लागलो की उद्या भट्टीवर कोणी नसेल.”

जित्याची खोड. तिनं हात जोडले आणि बंदूक घेऊन निघून गेली. मी दोघांनाही मूर्ख म्हटलं. भिंतीनं ऐकलं.

तुझी ताई

१४ डिसेंबर

भाऊ,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, मग तसंच हातात धरून बसले.

तू लिहितोस, पहाऱ्यातले लोक कारखान्यात मुक्कामाला आहेत हे तुम्हाला कळलंय. भट्टीच्या उष्णतेत तुमच्या कॅमेऱ्याला माणूस वेगळा दिसत नाही, म्हणून ते तिथे बसतात, हेही कळलंय. कारखाना ‘घ्यावा लागेल’, असं लिहितोस. घ्यावा लागेल म्हणजे काय ते मला कळतं. डोंगरापलीकडच्या गावातून आलेली माणसं शाळेत राहताहेत. तुमच्यासारख्यांनीच त्यांचं गाव ‘घेतलं’. त्यातली एक बाई दिवसभर एकच रिकामी परात पुसत बसते.

मी तुझ्यापुढे पदर पसरते. हे वाक्य लिहिताना माझे दात एकमेकांवर घासले जाताहेत, पण लिहिते. भट्टीच्या हॉलला हात लावू नकोस. खारू तिथेच असते. रात्री तिथेच झोपते, दिवसा पुलावर नसली तर तिथेच. तुझे भावजीही दिवसभर तिथेच. मी एवढंच मागते. तुम्ही शहर घ्या, पूल घ्या, शाळेच्या फाटकावरचं तुमचं यंत्र परत घ्या, डॉक्टरच्या टेबलावरचा बूट मी स्वतः धुऊन पाठवते. हॉल सोड.

तिला तिथून बाहेर काढायचा मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. मी आजारी पडल्याचं सोंग केलं. ती आली, कपाळाला हात लावला, म्हणाली, “ताप नाही. नाटक चांगलं होतं,” आणि माझ्या अंगावर स्वतःची शाल टाकून गेली. मावशीकडे चल म्हटलं, तर म्हणाली, “तू जा. तुझा या सगळ्याला विरोधच आहे ना?” खरंच आहे. विरोध आहे. पण मी कुठे जाऊ? माझी दोन्ही माणसं त्या हॉलमध्ये आहेत.

लहानपणी तू काही फोडलंस की आळ माझ्यावर घ्यायचे मी. त्याचा हिशेब मी कधी मागितला नाही. आज मागते.

ताई

१८ डिसेंबर

प्रिय भाऊ,

‘हॉलला हात लागणार नाही. माझा शब्द.’ बस, एवढंच लिहिलंस, पण ते तुझ्या अक्षरात आहे. ‘श’ तू अजून तसाच मोठा काढतोस.

मला रडू आलं. भांडणात रडायची मला सवय नाही हे तू जाणतोस. हे दुसरंच रडणं होतं. मी पोपटाला म्हटलं, “थांब, आज चहा पिऊन जा.” साखर नव्हती. तो तसाच प्यायला आणि कितीतरी दिवसांनी बोलला. “वहिनी, तुमच्या भावाच्या हाताखालचा पोरगा नाक्यावर मला रोज विचारतो, आत लोक चिडलेत का. मी म्हणतो, नाही, भुकेलेत.”

घरी कोणाला सांगितलं नाही. खारूला कळलं तर ती हॉलमधून उठून मुद्दाम छपरावर जाऊन बसेल, तिचा भरवसा नाही. पण माझा जीव भांड्यात पडला आहे. आज मी तिच्यासाठी हॉलमध्ये जाड गोधडी नेऊन दिली. ती भट्टीच्या भिंतीला टेकून बसली होती, तोंड लालबुंद, केस राखेनं भरलेले. “इतक्या उकाड्यात गोधडी?” म्हणून हसली. तिच्याशेजारी डॉक्टर पेंगत होता, आणि पाखरांच्या बंदुका भिंतीला छत्र्यांसारख्या लावून ठेवल्या होत्या. इतकी माणसं, इतकं थोडं सामान. मला पहिल्यांदाच त्यांची चीड आली नाही. तुझे भावजी निळ्या काचेतून भट्टीत डोकावत होते. मला बघून म्हणाले, “आज काय सूर्य पश्चिमेला?”

हे सगळं संपलं की तू ये. तुला वाईट वागवेन, पण जेवायला घालीन.

तुझी ताई

२१ डिसेंबर

तू शब्दाला जागलास.

हॉल उभा आहे. छपराच्या काचा गेल्या, पण भिंती, भट्टी, आतली माणसं, सगळं जागच्या जागी. खारूच्या अंगावर ओरखडा नाही.

तुझे भावजी अंगणात होते. दिवसपाळी यायची वेळ होती. दोन्ही पाळ्या समोरासमोर होत्या. ते ‘दिली’ म्हणाले होते की नाही हे मला कोणीच सांगू शकत नाही, कारण समोर उभा होता तोही राहिला नाही. आवाज ऐकून खारू दारात आली. वडील कुठले, हे तिला बुटांवरून ओळखावं लागलं. एका हातात बंदूक तशीच होती. काय करायचं होतं तिनं त्या बंदुकीचं? वर काही दिसत नव्हतं. आकाश निळं होतं.

अंगणातल्यांपैकी एकाजवळही शस्त्र नव्हतं. त्यांचे जेवणाचे डबे होते. बंदुका ज्यांच्याकडे होत्या ते सगळे आत, सुखरूप.

तुला हे वरून दिसलं का? रोज दिसत होतं का? की माझ्या पत्रातून कळलं, अजून ते तसेच उभे राहतात म्हणून? बाबांचा मुलगा आहेस, तुला कोणी सांगायची काय गरज, असं मी मनाशी म्हणते. पुन्हा पुन्हा म्हणते. माझं मन ऐकत नाही.

काल त्यांना पोचवून आलो. सगळ्यांना एकदमच. भट्टीवर आता कोणी नाही. खारू आणि दोघंतिघं कोळसा ओढत राहिले, पण त्यांना ती विद्या येत नाही. आज दुपारपासून विटा तडकायला लागल्या आहेत. घरापर्यंत आवाज येतो.

एकच विचारते. का?

२४ डिसेंबर

भाऊ,

तुझं उत्तर पोपटानं आणून दिलं. इतकं लांब पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. वरून हुकूम होता, कारखाना घ्या. तुला तो टाळता येत नव्हता. हॉलचा शब्द दिलेला. म्हणून हॉल सोडून जे मोडलं की कारखाना पडेल, ते शोधावं लागलं. ‘हॉल वाचवायचा होता म्हणून अंगण घ्यावं लागलं, ताई. भावजी पाळीवर नसतील असं मला वाटलं.’

ते कधी पाळीवर नव्हते रे? तापानं फणफणलेले असतानाही गेले होते, आणि तूच त्यांना हाताला धरून घरी आणलं होतंस.

म्हणजे मी मागितलं आणि तू दिलंस. एवढंच आहे ते. मी माझ्या मुलीचा जीव मागितला, आणि तू तो त्या सगळ्यांच्या बदल्यात मला दिलास. मागताना मला अंगण सुचलंच नाही. जन्म त्या अंगणाच्या समोर गेला आणि सुचलं नाही.

मी खारूला सांगितलं. लपवून ठेवणं जमलं असतं, पण ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “आम्ही आत बसलो आणि ते बाहेर मेले. आम्हाला का नाही?” ती स्वतःला खात होती. मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, मी तुझ्या मामाकडे हॉल मागितला होता.

ती म्हणाली, “सगळ्यांसाठी मागितलास?”

“हॉल मागितला.”

“मी होते म्हणून.”

“हो. तू होतीस म्हणून. आई आहे मी.”

तिनं मान हलवली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. उठून तिनं चूल सारवल्यासारखी टेबलावरची धूळ हातानं एकीकडे केली, खिडकीतून आलेली काचेची भुकटी. “जिवंत राहून मी महाग पडले बघ,” म्हणाली. “पण चुकीच्या माणसांना.”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली ते फक्त काल, आणि तेही कामापुरतं.

पहारा संपला आहे. तुला तसा निरोप मिळालाच असेल. डॉक्टर स्वतः पांढरा टेबलक्लॉथ घेऊन नाक्यावर गेला. काल दिवसभर लोक शाळेच्या फाटकाशी येऊन बंदुका टाकत होते. ढीग झाला तेव्हा कळलं किती थोड्या होत्या. एक म्हातारा आपली बंदूक टाकण्याआधी रुमालानं पुसत होता. कोणी हसलं नाही. मीही तिथे उभी होते, आणि पूर्वी माझ्याशी न बोलणाऱ्या बायका माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, कारण आता माझाही माणूस गेला आहे. त्यांना हॉलचं ठाऊक नाही. त्यांच्यातल्या एकीनं माझा हात धरला. मी सोडवून घेऊ शकले नाही.

उद्या तुम्ही आत येणार. जुन्या चुनखडीच्या खाणीवरून जो रस्ता उतरतो, त्या रस्त्यानं. डॉक्टरला तसंच कळवलंय तुम्ही.

ढिगात एक रायफल कमी आहे. कोणी मोजलं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

काल तिसऱ्या प्रहरी खारूनं पिशवीत भाकरी बांधली. मला विचारलं, “मामा पहिल्या गाडीत असेल ना?”

मी म्हटलं, “मला काय माहीत?”

“पुढेच बसतो तो. नेहमी. खिडकी उघडी ठेवून.”

मग चपला काढून आपल्या बाबांचे जाड मोजे घातले, त्यावर बूट. खाणीच्या कड्यावर रात्री किती गारठा असतो ते तिला ठाऊक आहे. मी दारात उभी राहिले. बाजूला झाले नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. झाले मी बाजूला. जाताना तिनं माझ्या खांद्यावरून पदर नीट केला, लहान मुलीचा करतात तसा.

आता मी इथे बसले आहे. हे पत्र तुला मिळालं तर तू वाचशील, आणि तुझी माणसं आज संध्याकाळीच त्या कड्यावर ते यंत्र पाठवतील. तिथे भट्टी नाही, उबेत लपायची सोय नाही. तिच्या अंगाएवढीच ऊब असेल तिथे. आणि मिळालं नाही, तर उद्या सकाळी तू खिडकी उघडी ठेवून बसशील. तिचा नेम तुझ्यासारखा. त्यानंतर तुझी माणसं तिला सोडणार नाहीत, हेही मला कळतं. मी एवढी खुळी नाही. पत्र दिलं तर एक जीव जातो, नाही दिलं तर बहुधा दोन.

हिशेब सोपा आहे. आठवड्यापूर्वी मी तो चुटकीसरशी केला असता. तुला लिहिलं असतं, तिला जिवंत धर, दुखवू नको, माझा शब्द, तुझा शब्द. आणि तू पुन्हा शब्दाला जागला असतास. कोणत्या अंगणात जागला असतास, देव जाणे.

मी तुला माफ केलेलं नाही. तिनं हे करावं असंही मला वाटत नाही. मला वाटतं तुम्ही दोघांनी माझ्या टेबलाशी बसून जेवावं, आणि तुझ्या भावजींनी वरच्या आवाजात विचारावं, मीठ कुठाय म्हणून. पण कोणाचा जीव कोणाच्या बदल्यात, हे ठरवायला आता माझ्याकडे कोणी येऊ नये. तूही नको.

बाहेर गाडी थांबली. पोपट दारात आला आहे. टोपी हातात घेऊन विचारतो आहे, “वहिनी, आज काही द्यायचंय?”

नाही म्हणते आहे.

खारूची आई